शेवटच्या पानावरची खळ

बाई उपासनेत कधी आमेन म्हणत नसत. पाळकांचं प्रवचन संपलं, सगळी मंडळी एका आवाजात आमेन म्हणून मोकळी झाली, तरी बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर बाई ओठ मिटून बसलेल्या असायच्या. मग त्या घरी जायच्या, पाळकांनी सांगितलेली प्रत्येक ओवी, म्हणजे वचन, शास्त्रात, म्हणजे बायबलात काढायच्या, तिच्या मागचं वाचायच्या, पुढचं वाचायच्या, आणि पटलं तरच आमेन म्हणायच्या. तेसुद्धा पाळकांना गाठून. मंगळवारच्या बाजारात पाळक मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत असायचे आणि मागून छत्रीचं टोक त्यांच्या खांद्याला लागायचं.

"पाळक, परवाच्याला आमेन."

एवढं बोलून बाई वांग्यांकडे वळायच्या. कधी त्यांचं आमेन गुरुवारी यायचं. कधी अर्धंच यायचं: "पहिल्या भागाला आमेन. दुसरा कुठून आणला ते सांगा." काही प्रवचनांना ते कधीच आलं नाही. ती प्रवचनं कोणती, हे पाळकांना चांगलं लक्षात होतं.

त्या वेळी मी बाईंच्या ओसरीलगतच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. गाव तासगाव आणि विट्याच्या मधलं. तिथल्या हायस्कुलात मला हंगामी मास्तरची नोकरी मिळाली होती. बाई मिशनच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, उंच, पांढऱ्या लुगड्यातल्या. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथं दोरा बांधून तो त्यांनी कानावर अडकवला होता. त्यांचं नाव गावात कोणी घेत नसे. बाई म्हटलं की त्याच.

मी साताऱ्याचा. माझे वडील आयुष्यभर एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारांत ख्रिस्ती पत्रकं वाटत फिरले. मी पत्रकांवरच वाढलो. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, डब्यात भाकरीखाली पत्रक, आमच्या मांजरीची पिल्लंसुद्धा पत्रकांच्या गठ्ठ्यावर झालेली. मीही कॉलेजात असताना हुंड्याविरुद्ध एक पत्रक लिहून छापलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. खोली घेतली त्या दिवशी ते मी बाईंना दिलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात, लाल पेन्सिलीनं तपासलेलं. चार ठिकाणी मी 'शास्त्र सांगतं' म्हणून वाक्यं घातली होती, तिथं समासात 'कुठं?' असं लिहिलेलं, आणि खाली दहापैकी तीन गुण.

"बाई, मुद्दा तर बरोबर आहे ना?" मी विचारलं.

"मुद्दा बरोबर आहे म्हणूनच रागावले. खऱ्या गोष्टीसाठी देवाच्या तोंडी खोटं वाक्य कशाला घालायचं? तुझं वाक्य तुझं म्हणून लिही."

दारात पत्रक देणाऱ्या प्रत्येकाला हाच अनुभव यायचा. तपासून, गुण देऊन त्या परत करायच्या. नापास झालेले पत्रकवाले पुढं आमची गल्ली टाळून जाऊ लागले.

त्यांच्या घरात येशूचं चित्र नव्हतं. पाळकांच्या घरी गोरा, निळ्या डोळ्यांचा येशू कॅलेंडरवर होता. बाईंनी एकदा पाळकीणबाईंना विचारलं होतं, हा फोटो कुणी काढला. त्यावर पाळकीणबाई महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

पण बाईंचं खरं काम चालायचं ते रविवारी दुपारी. आमच्या मंडळीतल्या बायका सोमवारी दळण टाकायच्या. त्या आदल्या दुपारी सुपात जोंधळा घेऊन बाईंच्या ओसरीवर निवडायला जमायच्या. निवडता निवडता सकाळचं प्रवचन निघायचं. निम्म्या जणींना वाचता येत नव्हतं, पण त्यांच्या कानांवर शास्त्र पडत आलेलं, त्यामुळं कुठलं वाक्य ओळखीचं आणि कुठलं परकं हे त्यांना चटकन कळायचं. एकीनं म्हणायचं, पाळक आज असं असं म्हणाले. बाईंनी ते शास्त्रात शोधायचं. सापडलं आणि मागच्या-पुढच्या ओळींशी जुळलं तर दाणा. नाही सापडलं तर खडा. सापडलं पण अर्धंच उचललेलं असलं, तर त्याला बायका किडका दाणा म्हणायच्या, आणि हे किडके दाणेच सगळ्यात जास्त निघायचे.

मंडळीच्या पंचांना ही निवड खुपायची. पाच पंच, पाचही पुरुष. रविवारी काम करणं हे आज्ञाभंग आहे, असं त्यांनी बाईंना ऐकवलं. बाई म्हणाल्या, येशूचे शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी शेतातून चालले होते, त्यांना भूक लागली, त्यांनी कणसं मोडली, हातावर चोळली आणि खाल्ली. आम्ही तर नुसता निवडतोय. पंच परत गेले. त्यांना ती गोष्ट ठाऊक होती. स्वतःच्या बायकांना कधी लागू पडेल असं मात्र वाटलं नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, त्याच्याकडे येतो. इतकी वर्षं गेली तरी लिहिताना माझी नस तडकते.

दुष्काळाची दोन वर्षं रस्त्यावर खडी फोडून लोक नुकते घराकडे परतले होते. विहिरींत पाणी आलं होतं, पण माणसांच्या अंगातली भीती गेली नव्हती. अशा वेळी मुंबईकडून एक ब्रदर, म्हणजे फिरता प्रवचनकार आला. जीप, हार्मोनियम, दोन कर्णे. पांढरा सफारी. आमच्या पाळकांनीच त्याला बोलावलं होतं, कारण शेजारच्या मंडळीत त्याच्या सभेला गर्दी झाली होती आणि आपल्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, इतके लोक त्यांनी कधी पाहिले नव्हते. ब्रदरनं सांगितलं की दुष्काळ ही पहिली खूण होती. प्रभू परत येतोय. कधी, तर मार्चातला अमुक रविवार. त्या आधीचा पंधरवडा प्रत्येक ख्रिस्ती घरानं दिवसभराच्या प्रार्थनेच्या साखळीत बसायचं. शेत, शाळा, व्यवहार, सगळं बाजूला. जो प्रपंचात गुंतलेला सापडेल तो मागं राहील.

खडी फोडून हाताची सालपटं निघालेल्या माणसाला हे सांगणं फार सोपं असतं. त्याला जग संपायला हवंच असतं. त्याच्या त्या थकव्याचा फायदा घेणाऱ्या माणसाला मी आजही क्षमा करू शकत नाही.

ब्रदरनं एक पत्रक वाटलं. पत्रकं कशी लिहितात, कशी छापतात हे मला लहानपणापासून ठाऊक, म्हणून ते हातात घेताच माझ्या लक्षात आलं. आमच्या घरोघरी शास्त्राची जी प्रत होती, तिच्या पानाच्या मापाचंच ते कापलेलं होतं. तसाच पातळ कागद, तसेच दोन रकाने, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी बारीक आकडा, ओव्यांना असतो तसा. वर मथळा नाही. ब्रदरचं नाव नाही. ब्रदरनं सांगितलं, हे शास्त्राच्या शेवटच्या पानावर चिकटवा, म्हणजे पुस्तक मिटताना हाच शब्द शेवटचा राहील. आणि आमच्या पाळकांनी रविवारी वेदीजवळ उभं राहून तेच पुन्हा सांगितलं. माझ्या वडिलांनी उन्हातान्हात पत्रकं वाटली, पण पत्रकाला पत्रकच म्हटलं.

लोकांनी गव्हाच्या पिठाची खळ करून ती पानं चिकटवली. ह्यात आमच्या लोकांना हसण्यासारखं काही नाही. मिशनच्या काळापासून शास्त्र आणि पत्रकं एकाच पेटीतून, एकाच माणसाच्या हातून घरात आली. एकाच कपड्यात गुंडाळून ठेवली गेली. आजोबांनी शास्त्रात ठेवलेलं पत्रक नातू शास्त्र म्हणूनच वाचायचा. हा विश्वास आमच्या लोकांचा भाबडेपणा असेल, पण त्याच्यावर कात्री चालवून माप घेणारा माणूस भाबडा नव्हता.

पत्रकाच्या पायी ज्यांच्या घरात सगळ्यात मोठं नुकसान व्हायची वेळ आली, ते हवालदार. पल्टणीतून निवृत्त होऊन साखर कारखान्याच्या गेटवर पहारा करणारे, पाच पंचांपैकी एक, सरळ माणूस. त्यांची मुलगी मार्था माझ्या वर्गात, अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला. त्या मार्चात तिची बोर्डाची परीक्षा होती. पास झाली की मिरजेला नर्सिंगला जायचं हे तिनं आठवीपासून ठरवलेलं. आमच्या मंडळीतली बोर्डाला बसणारी ती पहिलीच मुलगी. आणि परीक्षा नेमकी ब्रदरच्या पंधरवड्यात सुरू होत होती.

हवालदारांनी तिची शाळा बंद केली. मी घरी गेलो तेव्हा ते मला आदरानं म्हणाले, "गुर्जी, परीक्षा दिऊन काय करायचं? पेपर तपासायला तरी कोन ऱ्हानार हाय?" मार्था आतल्या दाराशी उभी होती. तिच्या हातात भूमितीचं पुस्तक होतं आणि ती ते पाठीमागं लपवत होती. देवाच्या नावानं एखाद्या मुलीला पुस्तक लपवायला लागावं, ह्याच्याहून मोठी निंदा मला तरी माहीत नाही.

हवालदारांचा चुलतभाऊ बौद्धवाड्यात राहायचा. छप्पन सालानंतर त्यांची वाट वेगळी झाली होती, पण येणं-जाणं होतं. त्यानं अंगणातूनच हवालदारांना टोमणा मारला.

"आमी शिकून पुढं जायला निघालोय, आन तुमी पोरीला घिऊन डायरेक वर निघाला व्हय रं?"

हवालदार त्याच्याशी चार दिवस बोलले नाहीत.

बाईंच्या ओसरीवर त्या रविवारी निवड बसली तेव्हा जोंधळा बाजूलाच राहिला. सगुणाक्का नावाची एक म्हातारी होती, अक्षरओळख नसलेली. ती म्हणाली, "बाई, ह्या ब्रदरच्या बोलन्यात खडंच लय. टाकायला जागा पुरंना." बायका हसल्या, बाई हसल्या नाहीत. त्यांनी शास्त्र उघडून ती जागा वाचून दाखवली, जिथं येशू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका कोणालाच माहीत नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. मग पुस्तक मांडीवर ठेवून म्हणाल्या, "जे पुत्राला ठाऊक नाही ते ह्या जीपवाल्याला ठाऊक आहे."

आणि संध्याकाळी त्या सभेला गेल्या. मी बरोबर होतो. कर्णे गरजत होते. ब्रदर रविवारची तारीख पुन्हा पुन्हा सांगत होता आणि लोक हात वर करत होते. बाई पुढच्या सतरंजीवरून उठल्या. छत्री टेकली.

"ब्रदर, ही तारीख कुठं लिहिली आहे?"

तो हसला. म्हणाला, मावशी, विश्वास असला की ठिकाण विचारावं लागत नाही. बाई म्हणाल्या, प्रेषित पौलाचा उपदेश ऐकून बिरुया गावच्या लोकांनी रोज शास्त्र काढून तो पडताळला, आणि शास्त्र त्यांना त्यासाठी चांगलं म्हणतं. मी पौलाला विचारलं असतं, तर तुम्हाला का नको? त्यावर ब्रदरनं माइकजवळ तोंड नेऊन संथपणे सांगितलं की एदेन बागेत पहिला प्रश्न सापानं विचारला होता. लोक हसले. आमचे पाळकसुद्धा हसले. ज्या बाईनं त्या मांडवातल्या निम्म्या लोकांना अ आ ई शिकवलं, तिला साप म्हटलेलं त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. बाई उभ्याच होत्या. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला तेव्हा हार्मोनियम सुरू करण्यात आला.

दोन दिवसांनी पंच बसले. ठराव झाला: देवाच्या सेवकाचा जाहीर अपमान केल्याबद्दल बाईंनी मंडळीपुढं पश्चात्ताप करावा, तोपर्यंत त्यांना प्रभुभोजनाची भाकर आणि रस देऊ नये. पाचही पंचांच्या सह्या. त्यात हवालदारांची होती. प्रभुभोजन म्हणजे आमच्या लोकांच्या पंगतीतलं पान. माणसाला त्यातून उठवणं म्हणजे काय, हे गावकुसाबाहेरून आलेल्या आमच्या वाडवडलांना नीट ठाऊक होतं. त्यांच्याच नातवांनी ते एका म्हाताऱ्या बाईच्या वाट्याला दिलं.

मी त्या रात्रीच पंचांविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं. सकाळी बाईंनी कागद बघितला आणि बाजूला सारला. "माझं नंतर. आधी मार्था. माझी भाकर थांबेल, बोर्ड थांबत नाही."

त्या सकाळीच आम्ही हवालदारांकडे गेलो. पहिला पेपर पाच दिवसांवर होता. हवालदार रात्रपाळी करून आले होते, पण झोपले नव्हते. घरात प्रार्थना चालू होती. ठरावावर सही केलेली आणि त्याच बाई दारात, त्यामुळं त्यांना कुठं बघावं कळेना. तरी उठून पाट दिला. बाईंनी ठरावाचा विषय काढलाच नाही. म्हणाल्या, "हवालदार, तुमचं शास्त्र आणा. मला एक बघायचंय."

त्यांनी फडक्यातून पुस्तक काढून दिलं. बाईंनी शेवटचं पान उघडलं. ब्रदरचं पत्रक तिथं होतं, चारी कडांना खळ लावून, शिस्तीत, एक सुरकुती नाही.

"ह्याच्या खाली काय होतं?"

"शेवटचं पान व्हतं. आर्ध कोरंच व्हतं."

"आणि अर्ध्यावर?"

हवालदारांनी जरा विचार केला. "समाप्त लिवलं आसंल. न्हायतर छापखान्याचं काय तरी."

"पल्टणीत होता तेव्हा हुकूम यायचा. तो खरा आहे हे कसं ओळखायचात?"

"सही-शिक्का बगायचो."

"कोणी हुकमाच्या फायलीत आपला कागद चिकटवला असता तर?"

"कोर्ट मार्शल झालं आसतं." हे ते चटकन बोलले आणि मग थांबले. पत्रकाकडे बघू लागले. "पर बाई, ह्याला आकडं हायत की. ओव्यांवानी."

"आकडे मीही घालू शकते. मी चाळीस वर्षं आकडे घालतेय." बाई आत वळून म्हणाल्या, "मार्था, फडकं ओलं करून आण. पिळून."

हवालदार पुढं सरकले. "आवं, फाटंल."

"फाटू देणार नाही. शास्त्र आहे ते."

त्यांनी ओलं फडकं पत्रकावर पसरलं आणि तळवा टेकून बसल्या. हवालदारांच्या बायकोनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. खळ फुगली. बाईंनी नखानं एक कोपरा उचलला आणि ज्या धीरानं त्या पहिलीच्या पोराचा हात धरून अक्षर गिरवून घ्यायच्या, त्या धीरानं तो कागद सोडवत गेल्या. खालचं पान ओलं, पिवळट, पण शाबूत होतं. वरच्या अर्ध्यात शेवटच्या काही ओव्या होत्या.

"वाचा."

"तुमीच वाचा, बाई."

"मी नाही. मी सभेत बोलले तर तुम्ही सही केलीत. आता तुम्हीच वाचा."

हवालदार बोट ठेवून वाचू लागले. पल्टणीतल्या रात्रशाळेत शिकलेलं वाचन, एकेक शब्द वेगळा. ह्या पुस्तकातल्या गोष्टींत जो कोणी स्वतःची भर घालील, त्याच्यावर ह्यात सांगितलेल्या पीडा देव आणील, अशी ती जागा आहे. ते 'भर' ह्या शब्दाशी अडले. पुढं गेले. परत मागं आले. दुसऱ्यांदा वाचताना त्यांचा आवाज इतका उतरला की मला पुढं वाकावं लागलं. मग त्यांनी बोटाला लागलेली खळ बघितली आणि ती धोतराला पुसली नाही, हात तसाच लांब धरून बसले.

"हे मी झाकलं," ते म्हणाले.

"तुम्हाला झाकायला लावलं," बाई म्हणाल्या. "ज्यानं लावलं त्याला काय खाली आहे ते ठाऊक होतं."

एवढं झाल्यावर माणूस मोकळा होईल असं मला वाटलं. माझं वय तेव्हा असं वाटण्याचं होतं. पण भीती खळीसारखी ओल्या फडक्यानं सुटत नाही. हवालदारांनी मग खरी गोष्ट विचारली.

"बाई, तारीख खोटी आसंल. पर तो आलाच तर? कवा तरी येनारच हाय की. आन समदी प्रार्थनेत बसल्याती आन माजी लेक पेपर लिवतीया, हे त्यानं बगितलं तर?"

बाईंनी त्यांना हसण्यावारी नेलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही गेटवर असता. मोठे साहेब अचानक आले, तर तुम्ही कुठं सापडायला हवं? गेटवर, का साहेबांच्या बंगल्यापुढं हात जोडून?"

"गेटवर."

"गेट सोडून हात जोडलेत तर?"

"नोकरी जाईल. जायलाच पायजे."

"ती परीक्षेची खोली, ते तिचं गेट."

हवालदारांनी मान वर करून मार्थाकडे बघितलं. ती फडकं हातात घेऊन उभी होती, फडक्यातून पाणी जमिनीवर ठिबकत होतं. "हाल-तिकीट कुटं हाय?" त्यांनी विचारलं. ते तिनं भूमितीच्या पुस्तकात ठेवलं होतं.

मार्था बोर्डाला बसली. केंद्र तासगावला होतं. हवालदार रात्रपाळी संपवून तिला सकाळच्या एसटीत बसवून द्यायचे आणि स्वतः घरी येऊन प्रार्थनेच्या साखळीत बसायचे. दोन्ही. बाई म्हणायच्या, असू दे, माणूस एका दिवसात सगळं सोडत नाही. पण पंचांच्या ठरावावरची आपली सही हवालदारांनी मागं घेतली नाही. मी त्यांना त्याबद्दल तोंडावर विचारलं, तेव्हा म्हणाले, चौघांच्या विरुद्ध एकटा कसा जाऊ. पल्टणीत गोळ्यांपुढं गेलेला माणूस चार पंचांपुढं जायला तयार नव्हता. ह्याची चीड मला ब्रदरपेक्षाही जास्त आली, कारण ब्रदर लबाड होता आणि हवालदार नव्हते.

मग तो रविवार उगवला.

ब्रदर स्वतः गावात नव्हता. तो सोलापूरकडे गेला होता. प्रभूच्या स्वागताला तिकडच्या लोकांना त्याची जास्त गरज होती, असं पाळकांनी वेदीवरून सांगितलं. आमची मंडळी पहाटेपासून देवळात होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत. काहींनी धुवायला दिलेले कपडेसुद्धा परत आणले नव्हते, आता कशाला म्हणून. खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. प्रभू येताना स्वर्गातून कर्णा वाजेल म्हणून लोक मधेच कान देत होते आणि बाहेर तासगावकडे जाणारा ट्रॅक्टर गेला की माना वळत होत्या. ऊन चढलं. लहान मुलं रडायला लागली. पाळकांची तीन प्रवचनं झाली. शेवटी, आणखी काय करावं हे न सुचून, त्यांनी प्रभुभोजन सुरू केलं.

बाई आपल्या तिसऱ्या बाकावर होत्या. शेजारी मार्था बसली होती. नाताळात तिला प्रभुभोजनात घेतलं होतं. भाकरीच्या तुकड्यांचं ताट फिरवायची पाळी हवालदारांची होती. एकेका बाकाशी थांबत ते तिसऱ्या बाकाशी आले. बाईंनी हात पुढं केला नव्हता, मागंही घेतला नव्हता. मांडीवर उघडा ठेवला होता. हवालदारांनी भिंतीकडे बघितलं आणि ताट बाईंच्या मांडीवरून पलीकडे मार्थापुढं धरलं.

मार्थानं एक तुकडा उचलला. आमच्या रीतीप्रमाणं तुकडा हातात धरून बसायचं आणि पाळकांनी सांगितलं की सगळ्यांनी एकदम खायचा. देऊळ अगदी शांत होतं. त्या शांततेत तिनं तो तुकडा मोडला आणि अर्धा बाईंच्या तळहातावर ठेवला.

पाळक बोलता बोलता थांबले. पुढच्या बाकावरचे पंच वळून बघू लागले. हवालदार ताट घेऊन तिथंच उभे. कोणीतरी हे थांबवायला हवं होतं आणि कोणालाही थांबवता येईना. पाळकांनी घसा खाकरून 'घ्या, खा' असं म्हटलं. बाईंनी खाल्लं. मग बेदाणे भिजवून केलेल्या रसाच्या लहान पेल्यांचं ताट आलं. पंचांनी तेही बाईंना ओलांडून नेलं. मार्थानं आपला पेला अर्धा पिऊन बाईंना दिला, बाईंनी तो रिकामा करून खाली ठेवला. सगळ्यांनी डोळे मिटले. आता फक्त वाट बघणं उरलं होतं.

त्या शांततेत बाईंचा आवाज आला. कुजबूज नव्हती. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज.

"उद्या कसला पेपर?"

"भूमिती," मार्था म्हणाली.

"मग इथं काय करतेस? घरी जा, प्रमेयं कर. तो आलाच तर तू कुठं आहेस ते मी सांगते त्याला."

मार्था उठली. बायकांनी गुडघे आवळून तिला बाकातून बाहेर काढलं. मधल्या वाटेत हवालदार उभे होते. ती समोर आली तेव्हा त्यांनी ताट छातीशी धरलं आणि भिंतीला पाठ लावून तिला वाट करून दिली.